झिल्बेर्तच्या कार्डावर

११ जानेवारी

शेवटी आज झिल्बेर्तचं सभासदकार्ड घेऊन ऑबर्नच्या त्या घाऊक दुकानात, गोदामात, गेले.

इतके दिवस ते तिच्या पर्समध्ये होतं आणि पर्स खोक्यात. फ्लोरिडाहून ते खोकं डिसेंबरात आलं. पर्स, चष्मा, दोन स्वेटर, आणि एका वेगळ्या डब्यात खुद्द झिल्बेर्त, राख होऊन. दर हिवाळ्यात ती तिकडे उन्हाला जायची. या वेळी गेली आणि परत आली ती अशी. तिथल्या घरमालकीण बाई फोनवर म्हणाल्या, "जवळचं माणूस म्हणून तिने तुमचंच नाव सांगितलं होतं." दुसरं कुणी उरलंच नाही, तर सांगणार कुणाचं? जमीन दगडासारखी गोठली आहे, मे महिन्याआधी खड्डा खणता यायचा नाही. तोवर डबा फ्रीजवर ठेवलाय. लुइस्टनला तिच्या ओळखीपाळखीच्यांना मी काही कळवलेलं नाही. तिच्या ओळखीचं कोण, हेच मला ठाऊक नाही. नऊ वर्षं आम्ही जुळ्या बहिणी एकमेकींशी बोललो नव्हतो.

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी कामाला होते, ते बंद झाल्यापासून पुन्हा सरकारच्या अन्नमदतीवर आहे. दर महिन्याला मदतकार्डात पैसे जमा होतात, पण कोपऱ्यावरच्या दुकानात ते महिनाअखेरपर्यंत पुरत नाहीत. वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "गोदामात जा की! पीठ, लोणी, अंडी, सगळं पोत्यानं मिळतं. मदतकार्ड चालतं तिथं." चालतं, पण आत शिरायला सभासद असावं लागतं, आणि वर्गणी काही मदतकार्डातून भरता येत नाही. झिल्बेर्तची वर्गणी मात्र जूनपर्यंत भरलेली आहे. कार्डाच्या मागे तिचा राखाडी फोटो आहे, टपालाच्या तिकिटाएवढा. त्यात ती आहे की मी, आमच्या आईलाही सांगता आलं नसतं.

दारावर एक म्हातारा बसतो. छातीवर नाव, ओरेल. कार्डाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. "बोंझूर, झिल्बेर्त! उन्हाला कंटाळून लवकर परतलीस?"

तोंड उघडलं होतं मी सांगायला. मागे माणसं ट्रॉल्या घेऊन उभी होती. म्हटलं, "हो, कंटाळले."

पीठ, वाटाणे, अंडी, डुकराचं मांस घेतलं. भट्टीतली गरम कोंबडी मदतकार्डावर मिळत नाही, गरम अन्न म्हणजे हॉटेल, असा नियम. तीच कोंबडी विकली न जाता थंड करून ठेवली, की मिळते. गरम काचेसमोर उभं राहून पोटभर वास घेतला आणि थंड केलेली उचलली. सरकारला थंड झालेलंच चालतं.

पिठाचं पोतं जिन्यावरून आणताना दोनदा पायरीवर बसले. वय झालं, दुसरं काय.

१४ जानेवारी

मनाला लागून राहिलं आहे म्हणून लिहिते. चोरी नाही ही. वर्गणी भरलेली आहे, पैसे माझ्या मदतकार्डातले आहेत, खाणारी मी आहे. फक्त दारावरच्या एका माणसाने चुकीच्या नावाने नमस्कार केला. एका बोंझूरने कुणाचं काय जातं?

मांस शिजवून, वाटून क्रेतों केलं. आई, आमची मामाँ, करायची तसं, लवंग जरा जास्त. आठ वाट्या भरल्या आणि फ्रीजरमध्ये टाकल्या. एकटीच्या घरात आठ वाट्या. फ्रीजरचं दार लावताना वरचा डबा हलला. हात लावून सरळ केला.

२४ जानेवारी

 नीट, क्रमानं लिहिते.

ओरेलने तसंच नाव घेतलं, मी तशीच मान हलवली. चीजच्या कपाटाशी एक बाई छोट्या टेबलामागे उभी असते, कागदी टोपी घालून, येणाऱ्याजाणाऱ्याला चवीपुरतं काहीबाही देत. मला पाहताच टेबल सोडून आली आणि मिठीच मारली.

"झिल्बेर्त! अगं, आल्याचं कळवायचं तरी! किती वाळलीस तू. तिकडे कुणी जेवायला घालत नव्हतं का?"

टोपीवर नाव होतं, लोरेत. मी म्हटलं, "लोरेत, बरी आहेस ना?"

"माझं काय, पाय सुजतात आणि तोंड चालतं." मग आवाज खाली आणून माझा हात धरला. "दोन तारखेला मी येणार आहे हो. दरवर्षी येते, यंदाही येईन. त्या दिवशी तुला एकटीला नाही बसू देणार."

"दोन तारखेला काय?"

ती बघतच राहिली. "अगं, चर्चमधला मिस्सा! तुझ्या फर्नांदच्या आत्म्यासाठी."

तिने हातात दिलेला चीजचा तुकडा मी तोंडात घातला. काहीतरी चघळायला हवं होतं. ती म्हणाली, "विसरावंसं वाटत असेल, समजतं मला. पण मेलेल्यांना आपल्याशिवाय कोण आहे?"

फर्नांद मी आहे. फर्नांद वेलेट. इथे जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे.

२५ जानेवारी

रागाने रात्रभर डोळा लागला नाही. बोलत नव्हती ते एक वेळ ठीक. पण जिवंत बहिणीला मारून लोकांची कीव गोळा करायची?

आणि दिवस कुठला निवडला! दोन फेब्रुवारी, शांदलर. त्या दिवशी आम्ही चर्चमधून मेणबत्त्या घरी आणतो आणि तव्यावर पातळ क्रेप घालतो. नऊ वर्षांपूर्वी जोड्यांचा कारखाना बंद पडला, मी पहिल्यांदा अन्नमदत घेतली, तेव्हा शांदलरला झिल्बेर्तच्या घरी तोवर हयात असलेले सगळे नातेवाईक जमले होते. मी घरून क्रेपचं पीठ कालवून नेलं होतं. तिने भांड्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आपल्या घरात अजून कुणी सरकारच्या पिठाचं खाल्लं नाही." मी भांडं मोरीत ओतलं. म्हटलं, "आजपासून मी तुला मेले!"

ती फक्त म्हणाली, "बरं."

त्यानंतर तिने फोन केला नाही, मीही नाही. आणि आता हे. तोच दिवस धरून माझा मिस्सा! नक्की मला डिवचायलाच. झिल्बेर्तचा डंख मला ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी

गेले. न जाऊन कसं चालेल? जाऊन उभं राहायचं आणि सांगायचं, मी जिवंत आहे, असं ठरवून गेले.

लुइस्टनचं ते मोठं चर्च दुपारी जवळजवळ रिकामं होतं. पुढच्या बाकांवर पाचसात म्हाताऱ्या. लोरेतने माझ्यासाठी जागा धरली होती, आणि ती जागा झिल्बेर्तची असणार, कारण बसल्याबरोबर गुडघे टेकायच्या फळीवर माझे गुडघे अगदी खोलगट झालेल्या जागी गेले.

फादर तरुण आहेत. हातातल्या कागदावरून त्यांनी वाचलं, "आजचा मिस्सा फर्नांद वेलेट हिच्या आत्म्याच्या शांतीसाठी." सगळ्यांनी मान खाली घातली. मीही घातली. आजवर माझं नाव इतक्या हळुवारपणे कुणी घेतलं नव्हतं. कारखान्यात ओरडून घ्यायचे, मदतीच्या कचेरीत आडनावाने.

उठून सांगायचं होतं. उठण्याऐवजी रडूच फुटलं. पलीकडची एक म्हातारी लोरेतला म्हणाली, "दरवर्षी अशीच रडते बिचारी." म्हणजे झिल्बेर्त इथे रडायची? लोकांना दाखवायला असेल.

नंतर लोरेतच्या घरी क्रेप खाल्ले. तव्याशी उभ्या उभ्या ती बोलत होती. "तू सांगितलेलं मी विसरलेले नाही हं. माझ्या नवऱ्याचा दात दुखला ना, तर मी आधी त्याला डॉक्टरकडे पिटाळलं. म्हटलं, फर्नांदचं काय झालं माहीत आहे ना!"

मी विचारलं, "काय सांगितलं होतं मी?"

"पुन्हा कशाला त्या वाटेला जातेस?" पण तिला सांगायचं होतंच. "महिनाभर ती दात दात करत होती. डावीकडचा, खालचा. काढला, तरी दुखायचाच. चालताना दम लागायचा, ती म्हणायची वय झालं. आणि मग बटाटे सोलताना तुला म्हणाली, 'झिल्बेर्त, हे जरा धर.' तू सुरी धरलीस आणि ती खाली कोसळली. तुझ्या मांडीवरच गेली म्हणालीस."

 आपलं मरण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना गंमत म्हणजे प्रश्न विचारावेसे वाटतात. मी विचारलं, "फार त्रास झाला का तिला?"

लोरेतने झारा खाली ठेवला. "तूच म्हणालीस, नाही झाला."

३ फेब्रुवारी

सकाळी उमजलं. ते मरण माझं नव्हे, मामाँचं आहे. शेवटच्या महिन्यात मामाँने दात काढला होता, गाल सुजलेला मला आठवतोय. मी कारखान्यात पाळीवर होते, घरी झिल्बेर्त एकटी होती. मला सांगितलं, "झोपेत गेली." मीही तेच धरून चालले. सुरी, बटाटे, मांडी, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

मला खोटं सांगितलं आणि खरं मरण माझ्या नावावर खपवलं. अशी बाई!

माझाही एक दात ठणकतोय आठवडाभर. हा विचार करून करूनच असेल. स्वस्तातल्या दवाखान्यात मार्चची तारीख मिळाली आहे. काढूनच टाकतात म्हणे, भरत बसत नाहीत.

१४ फेब्रुवारी

बर्फ पडलं. पायऱ्या साफ करताना डावा हात जड झाला, फावडं टाकून आत आले. घामाने बनियन ओलं झालं होतं, एवढ्या थंडीत. वाटाण्याचं सूप करून प्यायले. संध्याकाळी बरं वाटलं.

फ्रीजवरच्या डब्याशी मी बोलते हल्ली. बोलते म्हणजे भांडते.

२१ फेब्रुवारी

आज सापडलेच असते.

पैसे देताना बोटं बधिर होती, मदतकार्ड हातातून निसटून खाली पडलं. लोरेत काम संपवून माझ्याच मागे रांगेत उभी होती. तिने वाकून उचललं, आणि उचलता उचलता वाचलं. मदतकार्डावर फोटो नसतो, फक्त नाव असतं.

तिचा चेहरा उतरला. काही न बोलता कार्ड तिने माझ्या मुठीत कोंबलं. मी पिन दाबला, सामान घेतलं. बाहेर गाड्यांच्या मध्ये तिने मला गाठलं.

"अगं, मेलेल्या बहिणीच्या कार्डावर जेवतेस तू?"

मी कार्ड खिशात घातलं.

"नऊ वर्षं! नऊ वर्षं सरकारला कळवलं नाहीस ती गेली म्हणून? तुरुंगात टाकतील तुला, झिल्बेर्त! आणि तूच सांगायचीस, सरकारचं अन्न घेते म्हणून तू तिला घालूनपाडून बोललीस, त्याचाच तुला पस्तावा…" ती थांबली. "इतकी अडचण होती तर मला सांगायचं. माझ्या घरात चार ताटं वाढतात, पाचवं जड झालं नसतं."

उलटं आहे गं सगळं, लोरेत. अन्नाचं कार्ड माझं आहे आणि जिवंत माणसाचं आहे. मेलेलीचं आहे ते दारावरचं. पण हे सांगायचं तर झिल्बेर्त मेली हेही सांगावं लागतं, तेही गाड्यांच्या मध्ये, बर्फ वितळायला टाकलेल्या मिठात उभं राहून. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "यापुढे नाही वापरणार."

"मी नाही कुणाला बोलणार," ती म्हणाली. "पण फर्नांदला काय वाटत असेल, याचा विचार कर."

२२ फेब्रुवारी

'घालूनपाडून बोललीस' असं लोरेत म्हणाली. म्हणजे झिल्बेर्तने स्वतःच तिला तसं सांगितलं असणार. चूक कबूल करणाऱ्यांतली ती नव्हती. लोरेतचीच काहीतरी ऐकण्यात गफलत.

आरशासमोर केस विंचरताना भांग आपोआप डावीकडे पडला, झिल्बेर्तसारखा. मोडला नाही. खरं सांगायचं तर तिथे जायला मला आवडू लागलंय. फर्नांदला कुणी मिठी मारत नाही. झिल्बेर्त आत शिरली की म्हातारा उठून उभा राहतो, लोरेत मोठा तुकडा कापून ठेवते. आणि फर्नांदलाही तिथे माया मिळतेच की, फक्त ती मेलेली असावी लागते.

७ मार्च

दात काढला. डॉक्टर तरुण मुलगा होता, म्हणाला, "दात तसा चांगला दिसतोय, पण तुम्ही म्हणता तर." म्हटलं, काढ बाबा.

९ मार्च

दुखतंय. जिथे आता दात नाही, बरोबर तिथेच. हिरडीवर बोट ठेवलं तर हिरडी दुखत नाही. दुखणं तिच्याही आत कुठेतरी आहे, जबड्यातून खाली उतरणारं. लवंग धरून बसले आहे.

१७ मार्च, इस्पितळ

आज बसता येतंय. नर्सने वही आणून दिली.

शनिवारी गोदामात गेले होते. लोरेतला कार्ड न वापरण्याचं वचन दिलं होतं, पण घरात पीठ संपलं होतं. तिच्या टेबलाकडे न जाता मागच्या वाटेने निघावं म्हटलं. तिने पाहिलंच. मागच्या खेपेचं जसं काही झालंच नाही, अशी हसली. कागदी द्रोणात उकडलेला बटाटा आणि लोणी होतं.

"खा. गरम आहे. याला कुणाचं कार्ड लागत नाही."

द्रोण हातात घेतला आणि हात नाहीसाच झाला. तिथे होता, पण माझा नव्हता. छातीवर पिठाचं पोतं ठेवल्यासारखं वाटलं. म्हटलं खाली सांडायला नको, म्हणून म्हणाले, "लोरेत, हे जरा धर."

एवढंच म्हणाले. देवाशपथ, मनात दुसरं काही नव्हतं. लोरेतच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. द्रोण धरण्याऐवजी तिने मला धरलं, टेबल आडवं झालं, आणि ती ओरडली ते अख्ख्या गोदामाने ऐकलं. "ओरेल! गाडी बोलाव! हिच्या बहिणीचं असंच झालं होतं!"

मी कुणाच्या तरी मांडीवर होते. मला वाटलं, झिल्बेर्तच्या. छान वाटत होतं. कुणीतरी माझ्या कपाळावरून हात फिरवत "झिल्बेर्त, झिल्बेर्त" म्हणत होतं, आणि मला कळेना की झिल्बेर्त मला धरून स्वतःलाच का हाका मारते आहे.

इथे दारातच नर्सने नाव विचारलं. लोरेत धापा टाकत म्हणाली, "झिल्बेर्त वेलेट." नर्सने पर्स उघडली. "एका कार्डावर झिल्बेर्त आहे, दुसऱ्यावर फर्नांद. औषध कुणाच्या नावावर देऊ? बाई, ऐकू येतंय का? तुम्ही कोण?"

खोटं बोलायलाही श्वास लागतो, तेवढा नव्हता. म्हटलं, "फर्नांद."

लोरेतने माझा हात धरलेला होता. तो तिने हळूच सोडला. नर्सला म्हणाली, "ती भ्रमात आहे. फर्नांद मेली." मग माझ्याकडे वाकून, अगदी जवळून, माझा चेहरा पाहू लागली, काचेतून पलीकडे बघतात तसा. पुढचं मला आठवत नाही.

डॉक्टरीण म्हणाली, अजून थोडा उशीर झाला असता तर गेला होता जीव. हृदयाची नळी बंद झाली होती. "जबडा दुखत होता का?" म्हटलं, दात काढला. तिने मान हलवली. "बायकांना हे असंच फसवतं. घरात कुणाला होतं का?"

"आईला," मी म्हटलं. हे मला कुठून कळलं, ते नाही सांगितलं.

२० मार्च

लोरेत आली. कोट न काढता खुर्चीत बसली. मी सगळं सांगितलं. खोकं, डबा, कार्ड, दारावरचा पहिला दिवस. ती ऐकत होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

"कधी गेली?"

"नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात." तिने हातमोजे गुंडाळले. "आणि मी जानेवारीपासून तुला मिठ्या मारते आहे. माझी मैत्रीण मरून पडली होती आणि मी तिच्याशी गप्पा मारत होते. तू मला तिच्यासाठी रडूसुद्धा दिलं नाहीस. अगं मेले…" म्हणाली आणि जीभ चावली.

 मग मी विचारलं, "तिने असं का केलं? मला का मारलं?"

"मला काय ठाऊक! मला तर फर्नांद खरंच मेली वाटायची." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "एकदा मात्र एक बोलली होती. मी सहज म्हटलं, फर्नांद परत दारात आली तर काय करशील गं? लोक मेलेल्यांबद्दल म्हणतात तसं. तर झिल्बेर्त म्हणाली, 'दार उघडीन. पण तिनंच यायला हवं. मेले म्हणून तिनं मला सांगितलंय. मेलेल्या माणसाला मी कशी हाक मारू?'"

जाताना लोरेतने निरोप घेतला नाही. दारात थांबली, माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर कुठलंतरी नाव आलं होतं, पण कुठलं ते कळलं नाही.

१२ एप्रिल

घरी येऊन दोन आठवडे झाले. मिठाशिवाय जेवते.

आज गोदामात गेले आणि व्यवस्थापकाच्या टेबलावर झिल्बेर्तचं कार्ड ठेवलं. तो थोडं रागावला, फार नाही. मला तिथे आडवं पडलेलं त्याने पाहिलं होतं. मग म्हणाला, मदतकार्ड असलेल्यांना आमच्याकडे वर्गणी निम्मी आहे, बाई, विचारायचं तरी. पहिल्याच दिवशी दारात विचारलं असतं तर! खिडकीपाशी एका मुलीने माझा फोटो काढला, नाव दोनदा विचारलं. नवं कार्ड गरम गरमच हातात दिलं.

ओरेलने ते आज पहिल्यांदा डोळ्यांजवळ धरून वाचलं. "बोंझूर, बाई," म्हणाला. उठला नाही.

चीजच्या कपाटाशी दुसरीच एक मुलगी होती. लोरेत सुट्टीवर आहे म्हणे. आज मला कुणी काही चाखायला दिलं नाही.

९ मे

जमीन मऊ झाली. आज झिल्बेर्तला ठेवलं, मामाँच्या शेजारी.

लोरेतला मी चिठ्ठी टाकली होती, येईल असं वाटलं नव्हतं. आली. ओरेल आला, गळ्यात टाय बांधून. त्या पाचसात म्हाताऱ्याही आल्या, आणि माझ्यापासून जरा अंतर ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक सारखी माझ्या पायांकडे बघत होती, ते जमिनीवर टेकलेत का ते पाहिल्यासारखी.

फादरनी कागद उघडला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. मग जपून एकेक अक्षर वाचलं, "झिल्बेर्त वेलेट." लोरेत तेव्हा रडली. मोठ्याने, तोंड न झाकता, सहा महिन्यांचं एकदम. तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण गेले नाही. डबा मी स्वतःच्या हाताने खाली ठेवला. इतका लहान खड्डा, आणि तरी केवढा खोल.

म्हटलं होतं, काहीतरी बोलेन तिच्याशी. घरी इतके महिने भांडत होते. खड्ड्याच्या काठाशी एकच शब्द आला, "आले." तेवढाच बोलले.

माणूस माती लोटू लागला, लोक पांगले. ओल्या मातीचा वास येत होता आणि वारा पडला होता. मी तिथेच उभी होते. मागून, फाटकाजवळून लोरेतने हाक मारली. दीड महिना एक शब्द बोलली नव्हती, आणि या नावाने तर आयुष्यात पहिल्यांदाच.

"फर्नांद!"

मी आधी खड्ड्याकडे पाहिलं.